आठवड्याला एक टोपडं, रोज दहा पानं

 

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, किंवा ऑफिसात हेडफोन लावता येत नाहीत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोलताना झालेले 'अं' आणि 'म्हणजे म्हणजे' काढून टाकलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं आहे. ज्यांनी ऐकलाय त्यांच्या लक्षात आलं असेल, की मधेमधे लोकलचा खडखडाट आहे. तो मुद्दामच ठेवलाय. आजचा सगळा विषयच त्या खडखडाटात घडलेला आहे.

मागच्या महिन्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. 'ताई, तू नोकरी करतेस, हे रेकॉर्डिंग करतेस, बाळांसाठी टोप्या विणून देतेस आणि वर पुस्तकांबद्दल पण बोलतेस. तुझ्या दिवसाला नक्की तास किती?'

चोवीसच रे बाबा. त्यातले जवळजवळ तीन लोकलमध्ये जातात. मी बदलापूरला राहते, ऑफिस दादरला. विमा कंपनीत क्लेम्सचं काम. महिनाअखेर आली की घरी पोचायला साडेनऊ. म्हणजे 'छंदासाठी वेळ काढा' असं कुणी सांगितलं की मला हसूच येतं. काढायला शिल्लक तर पाहिजे ना! मी वेळ काढत नाही. आहे त्या वेळेच्या फटींत काय मावतं, तेवढं बसवते. कसं, ते आज सांगते. आणि आधी कसं फसलं होतं, तेही सांगते. कारण फसलेलं जास्त उपयोगी आहे.

पिवळं टोपडं

सुरुवात माझ्या भाचीपासून. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये ती ३२व्या आठवड्यातच जन्मली. वजन १४०० ग्रॅम. तूर डाळीची दीड किलोची पिशवी हातात घेऊन बघा, त्याहून थोडं कमी. ताई वॉर्डात, बाळ एनआयसीयूत, आणि आम्ही सगळे बाहेरच्या बाकावर. आईने घरातून जुनी कुंची आणली होती, माझीच, जपून ठेवलेली. ती बाळाच्या खांद्यापर्यंत आली असती, इतकी मोठी.

आतल्या सिस्टरांनी एका खणातून एक पिवळं, हाताने विणलेलं टोपडं काढलं आणि बाळाला घातलं. बरोब्बर बसलं. मी विचारलं, 'हे कुणाचं?' त्या म्हणाल्या, 'कुणीतरी आणून देतं. नाव नाही माहीत.'

तेवढंच. त्या दिवशी मला त्याचं फार काही वाटलंही नाही, डोकं ठिकाणावर नव्हतं. पण भाची घरी आल्यावर, तिचं वजन वाढल्यावर, ते टोपडं ताईच्या कपाटात घडी करून ठेवलेलं दिसलं आणि वाटलं, कुणीतरी कुठेतरी बसून हे केलंय. त्या कुणातरीला ना बाळ माहीत, ना आम्ही.

आजीकडून दोन सुयांवरचं विणकाम मी शाळेत असताना शिकले होते. नंतर सुया माळ्यावर गेल्या. त्या खाली काढल्या.

पण टोपी लागतेच कशाला? मुंबईत थंडी कुठे असते?

हा प्रश्न मला गाडीतल्या एका काकूंनीही विचारला. रास्त आहे. उत्तर असं, की प्रश्न बाहेरच्या थंडीचा कमी आणि बाळाच्या शरीराचा जास्त आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार नवजात बाळाच्या शरीराचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असायला हवं. बाळ जन्मतं तेव्हा ओलं असतं, आणि ती ओल सुकताना अंगातली उष्णता घेऊन जाते. आपल्याला अंघोळीनंतर पंख्याखाली हुडहुडी भरते ना, तसंच. त्यात बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं, म्हणून उघड्या डोक्यातून बरीच उष्णता निघून जाते. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेली बाळं किंवा २५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची बाळं, यांच्या अंगावर चरबीचा थर पातळ असतो. ऊब तयार करायची आणि टिकवायची, दोन्ही ताकद कमी. गार पडलेलं बाळ नीट दूध ओढत नाही, आणि दूध कमी पडलं की ते आणखी गार पडतं. असं ते चक्र.

आता एक गोष्ट सांगते, जी मला फार आवडते. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात एका सरकारी प्रसूतिगृहात इनक्युबेटर कमी पडत होते. तिथले डॉक्टर एडगर रे सानाब्रिया यांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून उभं बांधून ठेवायला सुरुवात केली. डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी ते काम पुढे नेलं. कांगारू पिल्लाला पिशवीत ठेवतं तसं, म्हणून नाव पडलं 'कांगारू मदर केअर'. आज जगभर ही पद्धत वापरतात, आपल्याकडच्या रुग्णालयांतही. त्यात बाळाच्या अंगावर काय असतं माहितीये? लंगोट, पायमोजे आणि टोपी. बस. बाकीचं पांघरूण म्हणजे आई. किंवा बाबा, किंवा आजी, कुणीही चालतं.

म्हणजे ती टोपी शोभेची वस्तू राहत नाही, कामाची वस्तू होते. हे कळलं आणि माझं विणकाम बदललं.

हो, एक महत्त्वाचं. ही गोष्ट दवाखान्यातल्या लहानग्या बाळांची. घरी आलेल्या, वजन नीट असलेल्या बाळाला झोपवताना घरात टोपी घालून ठेवू नये असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो, कारण अंग जास्त तापू शकतं आणि टोपी सरकून तोंडावर येऊ शकते. आपल्याकडे मे महिन्यातही बाळाला कुंची, मोजे, दुपटं असं गुंडाळून ठेवतात. तुमच्या घरी बाळ असेल तर डॉक्टरांना विचारा, आणि मग आजीला समजावा. शुभेच्छा! (हसते)

माझ्या अकरा टोप्या

आता फसलेली गोष्ट. उत्साहाच्या भरात मी पहिल्या दोन महिन्यांत अकरा टोप्या विणल्या. एकीला गोंडा, एकीला सशाचे कान, एकीला मोत्याची बटणं. लोकर घरात पडलेली होती तीच वापरली, जुन्या स्वेटरची उसवलेली. आणि एका शनिवारी ऐटीत एका रुग्णालयात घेऊन गेले.

तिथल्या इन्चार्ज सिस्टरांनी सगळ्या टोप्या टेबलावर मांडल्या. एकेक हातात घेतली, आतून बोट फिरवलं, ताणून बघितली. आणि नऊ बाजूला ठेवल्या. फार प्रेमाने म्हणाल्या, 'सुंदर आहेत हो. पण मला चालणार नाहीत.'

मला रडू यायचं बाकी होतं. पण मी विचारलं, 'का?' आणि त्या दहा मिनिटांत जे शिकले ते कुठल्याही व्हिडिओत शिकले नव्हते.

गोंडा, बटण, रिबीन, मोती: काहीही नको. सुटून आलं तर बाळाच्या तोंडात जाऊ शकतं. हनुवटीखाली बांधायची नाडी तर मुळीच नको, गळ्याला अडकते.

लोकर: टोचणारी नको. आपल्या हाताच्या पंज्याला मऊ वाटते ती बाळाच्या कपाळाला मऊ लागेलच असं नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा ओठाला घासून बघायची. आणि दवाखान्यात कपडे गरम पाण्यात, जोरात धुतले जातात. खरी मेंढीची लोकर त्यात आटते, घट्ट होते. म्हणून बाळांसाठीचा मऊ धागा, नाहीतर सुती.

शिवण: जाड नको. बाळ त्याच्यावरच डोकं ठेवून असतं.

माप: हे सगळ्यात मोठं. मी 'बाळाची टोपी' म्हणून जे विणलं होतं ते चार महिन्यांच्या बाळाचं माप होतं. चार महिन्यांच्या बाळाला टोप्यांची कमतरता नसते, बारशालाच ढीग येतो. कमी असतात त्या दीड किलोच्या बाळाच्या टोप्या. त्या दुकानात सहसा मिळत नाहीत.

म्हणून पहिला नियम: विणायच्या आधी विचारायचं. 'मी काय देऊ शकते' हा प्रश्न नंतरचा. आधी 'तुम्हाला काय लागतं?' हे नवीनही नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत लाखो लोक सैनिकांसाठी मोजे, स्वेटर विणत होते, तेव्हा रेडक्रॉसने ठरावीक नमुन्यांच्या पुस्तिकाच छापून दिल्या. कुठल्या मापाचे, कसे, सगळं लिहून. कारण मनाला येईल तसा विणलेला मोजा बुटात पायाला टोचला, तर चालणाऱ्या सैनिकाचे हाल.

फोन करा आणि पाच प्रश्न विचारा. हाताने विणलेलं घेता का? कुठलं माप? कुठला धागा? कसं धुवून, कसं बांधून आणू? कुणाकडे द्यायचं? काही ठिकाणी संसर्गाच्या भीतीने बाहेरचं काहीच घेत नाहीत. तो त्यांचा नियम, वाईट वाटून घ्यायचं नाही. दुसरीकडे विचारायचं. वृद्धाश्रमात गुडघ्यावरची पांघरुणं लागतात, आश्रमशाळांत डिसेंबरमध्ये कानटोप्या लागतात. नाशिक, नंदुरबारकडची थंडी आपल्या बदलापूरसारखी नसते.

टोपडं कसं विणायचं (अगदी साधं)

बऱ्याच जणांनी हे मागितलं होतं, म्हणून लिहून देते. ज्यांना सुलटा आणि उलटा टाका येतो त्यांना हे जमेल. ज्यांना येत नाही त्यांनी आधी घरातल्या कुणाला तरी विचारा. आई, आजी, मावशी, शेजारच्या काकू, कुणीतरी निघेलच. व्हिडिओ आहेतच, पण टाका सुटला की व्हिडिओ आपल्या हातातलं बघू शकत नाही.

सुया ४ मिलिमीटरच्या. आपल्या दुकानात जुन्या पद्धतीने नंबर सांगतात, त्यात ही ८ नंबरची सुई. ध्यानात ठेवा, या पद्धतीत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. मध्यम जाडीचा मऊ धागा घ्या. ५० ग्रॅमच्या गुंड्यात साधारण दोन टोपडी होतात.

६४ टाके घाला. पहिल्या आठ ओळी दोन सुलटे, दोन उलटे अशा. याने काठ ताणला जातो आणि डोक्यावर धरून बसतो. मग एक ओळ सुलटी, एक ओळ उलटी, असं एकूण उंची ११ सेंटिमीटर होईपर्यंत. त्यानंतर एका सुलट्या ओळीत सगळीकडे दोन-दोन टाके एकत्र विणा, ३२ राहतील. एक ओळ उलटी. पुन्हा दोन-दोन एकत्र, राहिले १६. धागा हातभर ठेवून कापा, शिवणाच्या सुईत ओवून १६ही टाक्यांतून काढा, ओढून घट्ट करा, आणि बाजूची शिवण सपाट घाला. झालं.

हे साधारण दोन-सव्वादोन किलोच्या बाळाला बसतं. त्याहून लहान हवं तर ५६ टाके आणि उंची ९ सेंटिमीटर. पूर्ण दिवसांच्या बाळाला ७२. अर्थात प्रत्येकीचा हात वेगळा, कुणी घट्ट विणतं, कुणी सैल. म्हणून आधी एक छोटा चौकोन विणून मोजा: १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आले पाहिजेत. जास्त येत असतील तर जाड सुई घ्या, कमी येत असतील तर बारीक.

विणून झालं की सौम्य, बिनवासाच्या साबणाने धुवा, कडक उन्हात वाळवा, आणि स्वच्छ पिशवीत बंद करा. वर मापाची चिठ्ठी. सिस्टरांना रात्री तीन वाजता खणात माप शोधत बसायला लावू नका.

आता हिशेब

एका टोपडीत साधारण दोन हजार टाके. माझा वेग मिनिटाला वीसेक. म्हणजे शंभर मिनिटं विणायला आणि वीस मिनिटं शिवायला. दोन तास.

दोन तास सलग मिळतात का? मला तर रविवारीही नाही. पण पंचवीस मिनिटं पाच वेळा मिळतात. आमची सकाळची गाडी बदलापूरहूनच सुटते. दहा मिनिटं आधी गेलं की खिडकीची नाही, पण बसायची जागा नक्की. डोंबिवली येईपर्यंत कोपर हलवता येतं. डोंबिवलीनंतर चौथ्या सीटवरची बाई जेमतेम टेकलेली, समोर तीन उभ्या, अशा गर्दीत सुया बाहेर ठेवणं म्हणजे कुणाच्या तरी हातात टोचणार. त्यामुळे डोंबिवली आली की सुया पिशवीत. अगदी ओळीच्या मधे असले तरी. हा माझा ठाम नियम.

पंचवीस मिनिटं गुणिले पाच दिवस, १२५ मिनिटं. आठवड्याला एक टोपडं. हे मी ठरवून केलेलं लक्ष्य नाही, तेवढंच मावतं.

गाडीत विणण्यासाठी दोन-तीन गोष्टी. लांब सुयांऐवजी वायरने जोडलेली गोल सुई घ्या, लाकडी किंवा बांबूची. ती शेजारणीच्या बरगडीत जात नाही आणि हातातून निसटून सीटखाली घरंगळत नाही. गुंडा कापडी पिशवीतच ठेवा, धागा तेवढा बाहेर. आमच्या डब्यात बायका मटार सोलतात, मेथी निवडतात, सगळं कसं मांडीवरच्या पिशवीत. त्यांच्याकडूनच शिकले. आणि ओळी मोजायला डोकं वापरू नका. मी फोनमध्ये मोजणीचं साधं ॲप ठेवलंय. ओळ संपली की एक टिचकी.

आणि वाचन?

विणताना हात आणि थोडे डोळे गुंतलेले असतात, कान रिकामे. सरळ सुलट्या-उलट्या ओळी चालू असतील तर ऐकता येतं. टाके कमी करायची ओळ आली की मात्र मी पॉज करते. एकदा ऐकता ऐकता विणत राहिले आणि १६च्या जागी १९ टाके उरले. गोष्टीत खून झाला होता, काय करणार!

संध्याकाळी परतताना मी बहुधा कल्याणपर्यंत उभी. हात दांडीला. तेव्हाही ऐकते. चाळीस मिनिटं धरा. आठ तासांचं पुस्तक बारा दिवसांत होतं. स्टोरीटेलवर मराठी पुस्तकं भरपूर आहेत. पैसे खर्च करायचे नसतील तर ई साहित्य प्रतिष्ठानाची विनामूल्य ई-पुस्तकं आहेत, मराठी विकिस्रोतावर जुनं साहित्य आहे. ही वाचायची पुस्तकं झाली, पण फोनमध्ये मजकूर वाचून दाखवायची सोय असते, तिला मराठी बऱ्यापैकी जमायला लागलंय. उच्चार कधीकधी विनोदी होतात, तेवढं चालवून घ्यायचं.

पण ऐकणं म्हणजे वाचन का? यावर मागे आपल्याकडे बरंच भांडण झालंय, पुन्हा नको. माझ्यापुरतं सांगते. गोष्ट, आत्मचरित्र, प्रवासवर्णन मला ऐकायला आवडतं. पण ज्या वाक्यावर थांबून मागे जावंसं वाटतं, ते कागदावरच. म्हणून रात्री झोपण्यापूर्वी दहा पानं कागदाची. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. हेच सगळ्यात अवघड आहे, दोन हजार टाके त्यापुढे काहीच नाही. दहा पानं म्हणजे महिन्याला तीनशे, म्हणजे वर्षाला बारा पुस्तकं. कॉलेज संपल्यापासून मी वर्षाला दोन वाचत होते.

पुस्तकं मी ग्रंथालयातून आणते. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८पासूनचं. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय त्याच्याही आधीचं, १८९३चं. विकत घेतलेलं पुस्तक शेल्फवर वर्षभर वाट बघतं. ग्रंथालयाचं पुस्तक परत करायचं असतं, म्हणून वाचलं जातं. आपण असेच आहोत, मान्य करूया.

या फटींमधूनच मी यंदा वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' पुन्हा वाचलं. १९८१ सालचं पुस्तक, बहुतेकांच्या घरात असतंच. शाळेत असताना वाचलं तेव्हा माझ्या लक्षात राहिला भुईमूग. यावेळी कार्व्हरबद्दल आणखी शोधून वाचलं. गुलामगिरीत जन्मलेला, लहानपणी प्रकृतीने इतका नाजूक की शेतातल्या जड कामांऐवजी त्याच्या वाट्याला घरातली कामं आली. त्यात तो विणकाम, क्रोशे, भरतकाम शिकला. आणि पुढे टस्कीगीत प्राध्यापक झाल्यावरही ते सोडलं नाही. एवढा मोठा शास्त्रज्ञ, हातात क्रोशाची सुई. आपल्या मुलग्या श्रोत्यांनो, ऐकताय ना? हे काम बायकांचंच असतं असं काही नाही.

पन्नासचं भूत

आता एक कबुली. मागच्या डिसेंबरमध्ये मी एका व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर करून टाकलं, 'महिनाभरात पन्नास टोप्या!' भराभर हृदयं आली, हात जोडलेले आले. मलाही भारी वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात उजवं मनगट सुजलं. रात्री एक वाजेपर्यंत विणत होते, सकाळी ऑफिसात माउस धरता येईना. पुस्तक महिनाभर उघडलं नव्हतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे टोप्यांचा राग यायला लागला. कुठल्यातरी न जन्मलेल्या बाळाचा राग! ऑफिसातली डेडलाइन कमी होती म्हणून मी घरी दुसरी आणली होती.

एकोणिसाव्या टोपीवर थांबले. ग्रुपवर लिहिलं, 'माझ्याच्याने होत नाहीये, १९ झाल्यात, त्या देते.' मला वाटलं लोक बोलतील. कुणीच काही बोललं नाही. एका बाईंनी लिहिलं, 'बारा माझ्याकडे तयार आहेत, लागल्या तर घे.' दुसरीने आठ सांगितल्या. एकटीने पन्नास विणायचा हट्ट कुणी धरला होता? मीच.

डॉक्टरांनी पंधरा दिवस सुई बंद करायला सांगितली. तेव्हापासून वीस मिनिटांनी थांबते, मुठी उघड-बंद करते, मनगट फिरवते. दुखायला लागलं की त्या दिवशी बंद. आणि मोठा आकडा कुठेही जाहीर करायचा नाही. मार्चमध्ये वर्षअखेरीला मी सलग तीन आठवडे शून्य टोप्या केल्या. पिशवी तशीच खुंटीला होती. एप्रिलमध्ये जिथे सोडली होती त्याच ओळीपासून पुढे विणली. विणकामाचं हे बरं असतं, ते रागावत नाही.

विकत का नाही घ्यायच्या?

शेवटचा प्रश्न, माझ्या भावाने विचारलेला. 'तुझ्या दोन तासांच्या पगारात घाऊक बाजारात किती टोप्या येतील?' बऱ्याच येतील. आणि जर दवाखाना म्हणाला की आम्हाला डायपर हवेत, तर डायपरच घ्यावेत. तिथे 'पण मला विणायला आवडतं' हे म्हणायचं नाही. आपलं समाधान आणि त्यांची गरज यात गल्लत करायची नाही.

पण दीड किलोच्या बाळाचं माप दुकानात सहसा नसतं, ही एक गोष्ट. आणि दुसरी माझी स्वतःची. दिवसभर मी क्लेमचे फॉर्म पुढे सरकवते. संध्याकाळी विचारलं, आज काय केलंस, तर दाखवायला काही नसतं. शुक्रवारी सकाळी डोंबिवलीच्या आत शेवटचा धागा ओढला, की माझ्या मुठीत काहीतरी असतं. लहानसं, पण पूर्ण झालेलं. बाकी आठवडा कसाही गेलेला असो.

जाता जाता

या आठवड्यात एवढंच करा. एक फोन: जवळच्या रुग्णालयात किंवा आश्रमात, 'तुम्हाला काय लागतं?' तुमच्या दिवसातली एक फट शोधा, पंचवीस मिनिटांची. आणि आज रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवून दहा पानं. विणकाम येत नसेल तर नुसती दहा पानं. तीही पुष्कळ.

एक सांगायचं राहिलं. परवा ताईकडे गेले होते. भाची आता धावते, बोलते, मला 'मावश्शी' म्हणते. कपाटातून ते पिवळं टोपडं काढून तिने बाहुलीला घातलं होतं. मी हातात घेऊन बघितलं. आता मला वाचता येतं ना विणलेलं. काठाच्या वर तिसऱ्या ओळीत एक टाका चुकलाय. सुलटा हवा होता तिथे उलटा पडलाय. कळलंच मला, ज्याने कुणी विणलं तो किंवा ती नवीनच शिकत होती. किंवा गाडीत विणत होती आणि तेवढ्यात डोंबिवली आली.

तो चुकलेला टाका माझ्या भाचीला टोचला नव्हता. तेव्हा घ्या सुया हातात.

भेटूया पुढच्या भागात. तुमचे चुकलेले टाके आणि वाचलेली पानं, दोन्ही मला कळवा. काळजी घ्या!